पोटची प्रोसेस मेली, नातवंडं मागे राहिली

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी तुम्ही पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय. दिवसाचे सौदे आटोपले की रात्री ९ ला तो प्रत्येक शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढतो: पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. पट्टीची पीडीएफ करायला तो लिब्रेऑफिस सबप्रोसेस म्हणून, म्हणजे स्वतःच्या पोटी जन्मलेला वेगळा प्रोग्रॅम म्हणून, चालवतो. हंगामात रोज साडेतीनशे-चारशे पट्ट्या. मधेच एखादी अडकते. तुम्ही ६० सेकंदांचा टाइमआउट लावलाय, वेळ संपली की किल करता, आणि लॉगमध्ये ‘किल केली’ अशी ओळही येते. तरी सकाळी दुकान उघडावं तर उबुंटूवाल्या (म्हणजे लिनक्सच्या) सर्व्हरची ८ जीबी मेमरी भरलेली, यादीत ‘सोफिस’ नावाच्या, म्हणजे लिब्रेऑफिसच्याच, वीस-बावीस प्रोसेस, आणि शेठ तुमच्या नावाने शंख करतायत. टर्मिनेट झालं, किल झालं, आता याहून जोरात कसं मारायचं, असं तुम्ही विचारताय. शिवाय घरच्या विंडोज लॅपटॉपवर सगळं वेगळंच वागतं, हे शेपूट आहेच.

याहून जोरात काही नाही. लिनक्सवर सिगकिल, म्हणजे ९ नंबरचा सिग्नल, हा शेवटचा घाव. तो प्रोसेसला अडवता येत नाही, टाळता येत नाही, आलेला कळतसुद्धा नाही. तुमचा घाव व्यवस्थित बसतोय. फक्त तो भलत्याच्या डोक्यात बसतोय.

तुम्ही दिलेली कमांड मी माझ्या टेबलावरच्या उबुंटूवर जशीच्या तशी चालवली. ती ‘शेल=ट्रू’ने, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या शेल या मधल्या प्रोग्रॅममार्फत, चालते आणि लॉग ठेवायला शेवटी पाइप (एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) लावून ‘टी’ (ते फाइलमध्येही उतरवणारी कमांड) जोडलेलं आहे. चालू असताना दुसऱ्या खिडकीत ‘पीएस’ला, म्हणजे चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडला, झाडाच्या रूपात यादी मागितली. वर पायथन, नंबर ४१२०. त्याच्या खाली शेल, ४१३१. शेलच्या खाली दोन भावंडं: सोफिस ४१३२ आणि टी ४१३३. आणि सोफिसच्या खाली आणखी एक, ४१५०, नाव ‘सोफिस.बिन’. सगळी मेमरी या शेवटच्याने धरलेली. वरची सोफिस नुसती दारावरची माणूस. ती आतल्याला उठवते आणि बसून राहते. तुमच्या पोपेन ऑब्जेक्टला (पायथन ज्यातून सबप्रोसेस चालवतो तो) यातला एकच नंबर ठाऊक आहे: ४१३१. किल झाल्यावर पुन्हा यादी काढली. ४१३१ गायब. ४१३२, ४१३३, ४१५० जागच्या जागी, जणू काही झालंच नाही. फरक एवढाच, की ४१३२ आणि ४१३३ च्या पेरेंटच्या रकान्यात ४१३१ होतं तिथे आता १ आलं. बाप मेला, पोरं १ नंबरच्या प्रोसेसने दत्तक घेतली. (डेस्कटॉपवर १ ऐवजी सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, युजरवाल्या प्रोसेसचा नंबर दिसू शकतो. दत्तक घेणारा वेगळा, गोष्ट तीच.)

लिनक्समध्ये पेरेंट मेला म्हणून चाइल्ड मरत नाही. हे अनेकांना पटत नाही, कारण टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं की सगळं एकदम मरताना रोज दिसतं. पण तिथे बाप मेल्यामुळे पोरं मरत नाहीत. टर्मिनल तो सिग्नल पुढच्या अख्ख्या गटाला पाठवतं, म्हणून सगळी जातात. तुमचा किल एका नंबराला जातो. शेल तो पुढे पोचवत नाही.

मग तुम्ही छोट्या चाचणीत ‘स्लीप १००’ चालवून किल केलं तेव्हा ते बरोबर का मेलं? तुम्ही हे लिहिलंय आणि तिथेच गोंधळलाय, तेव्हा सांगतो. एकच साधी कमांड दिली तर पुष्कळ शेल पोर जन्माला न घालता स्वतःच त्या कमांडचं रूप घेतात. नंबर तोच, अंगात स्लीप. मग तुमचा घाव नेमका स्लीपवर बसतो. पाइप लागला, किंवा मागे आणखी कमांड आली, की शेलला जिवंत राहावं लागतं आणि खरं काम खाली जातं. कोणतं शेल, कोणती आवृत्ती यावर हे ठरतं, त्यामुळे ‘माझ्या मशीनवर मरतं’ या वाक्याला इथे काही किंमत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट: शेल काढा. कमांड यादीच्या रूपात द्या आणि लॉगचं काम पाइपने न करता आउटपुट सरळ फाइलकडे वळवा. पण एवढ्याने भागणार नाही, कारण सोफिस आणि सोफिस.बिन हे जोडपं तरी राहतंच. क्रोम हेडलेस, म्हणजे खिडकीशिवाय, चालवलात तर तिथे याहून मोठं खटलं निघेल. म्हणून मारायचं तर घर धरून मारायचं, माणूस धरून नाही.

त्यासाठी पोपेनला ‘स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू’ द्या. त्याने चाइल्ड सुरू होतानाच स्वतःचं वेगळं बिऱ्हाड थाटतो: नवा सेशन, नवा प्रोसेस ग्रुप, आणि ग्रुपचा नंबर म्हणजे त्याचाच पीआयडी, म्हणजे प्रोसेस नंबर. पुढे त्याची पोरं-नातवंडं जन्मली की ती आपोआप त्याच ग्रुपमध्ये येतात. मारताना ‘ओएस.किलपीजी’ला तो नंबर द्यायचा, सिग्नल सगळ्यांना एकदम. जुन्या उत्तरांमध्ये याच कामाला ‘प्रीएक्झेक_एफएन’मध्ये सेटसिड (नवा सेशन करणारी हाक) देतात. ते थ्रेड (एकाच प्रोसेसमधले समांतर धागे) असलेल्या प्रोग्रॅममध्ये धोक्याचं आहे, चाइल्ड सुरू व्हायच्या आधीच अडकू शकतो. ते घेऊ नका.

किलपीजी वापरताना एक चूक सगळे एकदा करतात. मीही केली आहे. नवा सेशन द्यायचा विसरलो आणि ‘चाइल्डचा ग्रुप विचार आणि त्याला मार’ असं लिहिलं. नवा सेशन नसेल तर चाइल्डचा ग्रुप म्हणजे तुमच्याच प्रोग्रॅमचा ग्रुप. प्रोग्रॅमने शांतपणे स्वतःलाच मारलं, लॉगमध्ये एक अक्षर नाही, आणि मी अर्धी रात्र मेमरी तपासत बसलो. म्हणून मी ग्रुप विचारतच नाही. सुरू करताना मिळालेला पीआयडीच ग्रुप नंबर म्हणून वापरतो. सेशन द्यायला विसरलो असेन तर तसा ग्रुपच सापडत नाही, एरर येते आणि चूक दिसते.

वेगळ्या सेशनचा तोटाही आहे. तुम्ही टर्मिनलवर प्रोग्रॅम चालवून कंट्रोल-सी दाबलंत, तर आता तो चाइल्डपर्यंत पोचणार नाही. बिऱ्हाड वेगळं केल्यावर आपल्या दाराची कडी वाजवून त्यांच्या घरी ऐकू जाणार कसं? तेव्हा मारण्याचा भाग ‘फायनली’मध्ये ठेवा, म्हणजे टाइमआउट असो, एरर असो, की तुम्हीच बंद केलेलं असो, साफसफाई होईल.

आता कोणता सिग्नल. तुम्ही सरळ किलवर उडी मारताय, आणि सांगलीच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ४० ला पाणी आलं की नदीकाठचे लोक गाद्या, धान्य, जनावरं, कागदपत्रं हलवायला लागतात. ४५ ला उचलून बाहेर काढतात, तेव्हा हातात असेल तेवढंच. सिगटर्म ही इशारा पातळी आणि सिगकिल ही धोका पातळी. सिगटर्म, म्हणजे १५ नंबर, प्रोसेसला कळतो; ती हातातली फाइल मिटू शकते, तात्पुरत्या फायली पुसू शकते, मग जाते. किंवा दुर्लक्षही करू शकते. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलेल्या घरांत काय झालं ते आपण पाहिलंय. पण म्हणून इशारा न देताच कुणी कुणाला फरफटत नेत नाही.

इशारा न दिल्याची किंमत मी एकदा भरली आहे. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम होतं. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल पोर्टने वजन वाचणारा छोटासा प्रोग्रॅम मी वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवला होता. ५ सेकंदांत वजन आलं नाही की सिगकिल, आणि नवी प्रोसेस सुरू. मला वाटलं किती भक्कम काम केलंय! तो वाचणारा प्रोग्रॅम पोर्ट उघडताना एक लॉक फाइल ठेवायचा आणि जाताना काढायचा. सिगकिलने जाणाऱ्याला ‘जाताना’ असं काही नसतं. पहाटे तीनच्या सुमारास केबल जरा हलली, वजन आलं नाही, माझ्या प्रोग्रॅमने इमानेइतबारे किल केलं, आणि नवी प्रोसेस उठून म्हणाली, पोर्ट वापरात आहे. मग तीही मेली, पुढचीही मेली. काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग गेटाबाहेर रस्त्यावर. फोनवर काट्यावरच्या क्लार्कला ती एक फाइल पुसायला सांगितली, त्याने पुसली, आणि वजनं सुरू झाली. दोष केबलचा नव्हता, माझा होता.

सिगकिल झालेल्या प्रोसेसचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय आवरतो आणि काय नाही, हे त्या दिवसापासून पाठ आहे. मेमरी परत घेतो, उघड्या फायली आणि सॉकेट मिटतो, कर्नलमार्फत घेतलेलं फ्लॉकसारखं लॉक सोडतो. पण डिस्कवर नावाने ठेवलेली लॉक फाइल, टेम्प फोल्डरमधला पसारा, अर्धवट लिहिलेली पीडीएफ याला तो हात लावत नाही. म्हणून आता माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये मी लॉक फाइल ‘आहे की नाही’ बघत नाही, तिच्यावर फ्लॉक लावतो. मालक मेला की लॉक सुटतं. त्यातही मेख आहे: फ्लॉक लावलेली उघडी फाइल नातवंडाला वारशाने गेली असेल आणि नातवंड जिवंत असेल, तर लॉक सुटत नाही. पायथन अशा फायली पोरांना द्यायचं मुळातच टाळतो, बाकीच्या भाषांत लक्ष ठेवावं लागतं.

इशाऱ्यानंतर किती थांबायचं याला एक आकडा नाही. सिस्टिमडी सर्व्हिस बंद करताना मुळात ९० सेकंद देतो, डॉकर १० देतो, आणि दोघंही त्यानंतर सिगकिल करतात. तुमच्या पट्टीला ५ सेकंद पुष्कळ झाले. अर्धवट पीडीएफ तशीही फेकायचीच आहे. पण तुम्ही एफएफएमपेगने एमपी४ व्हिडिओ बनवत असता तर मी घाई करू नका म्हटलं असतं. त्या फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते. सिगटर्म दिलात तर तो ती लिहून मरतो, सिगकिल दिलात तर तासाभराचं रेकॉर्डिंग उघडत नाही. डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रोसेसचा हिशेब आणखी वेगळा. आत काय चाललंय ते बघून ठरवायचं.

तर क्रम असा. ग्रुपला सिगटर्म. ५ सेकंद वेट. मग ग्रुपला सिगकिल, आणि हा सिगकिल पहिला वेट यशस्वी झाला तरी पाठवा. का? कारण वेट फक्त तुमच्या पोटच्या प्रोसेसची वाट बघतो. सोफिस इशारा ऐकून सभ्यपणे गेली आणि सोफिस.बिन अडून बसली, तर वेट ‘झालं’ म्हणतो आणि नातवंड तसंच राहतं. ग्रुपमध्ये कुणीच उरलं नसेल तर ‘प्रोसेस सापडली नाही’ अशी एरर येईल. ती गिळा. शेवटी पुन्हा वेट, तोही टाइमआउट लावून.

हा शेवटचा वेट लोक गाळतात. मेलेली चाइल्ड प्रोसेस यादीतून लगेच जात नाही. कसं मरण आलं याची नोंद पेरेंटने वाचेपर्यंत ती झोंबी म्हणून लटकते, स्टेटच्या रकान्यात झेड आणि नावापुढे ‘डिफंक्ट’. दहाव्याला पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही, तशी गत. तिला पुन्हा पुन्हा किल करणारे लोक मी पाहिलेत. मेलेल्याला मारून काय होणार? पेरेंटने वेट म्हटलं की कावळा शिवला. झोंबी मेमरी खात नाही, पण पीआयडी अडवते, आणि रोज पाच-सहा साठत गेल्या तर महिन्या-दोन महिन्यांनी यादी वाचवत नाही. वेटमधून जो कोड मिळतो तोही लॉगमध्ये टाका. पायथनमध्ये उणे १५ म्हणजे इशाऱ्याने गेली, उणे ९ म्हणजे मारावी लागली. शेलमधून बघितलंत तर हेच आकडे १२८ मिळवून येतात, १४३ आणि १३७. आणि तुम्ही मारलेली नसताना १३७ दिसलं, तर बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे कर्नलने स्वतः बळी घेतलेला असतो. ८ जीबीच्या तुमच्या मशीनवर तेही होत असणार.

वेटऐवजी कम्युनिकेट (आउटपुट वाचत वाट बघणारी हाक) वापरत असाल तर आणखी एक सापळा. आउटपुट पाइपमधून घेत असाल तर कम्युनिकेट पाइपचं दुसरं टोक मिटेपर्यंत बसून राहतो. पोटची प्रोसेस मेली, पण नातवंडाच्या हातात ते टोक अजून आहे, मग तुमचाच प्रोग्रॅम कायमचा थांबतो. ‘किल केल्यावर माझा प्रोग्रॅमच हँग होतो’ अशा तक्रारींमागे मला बहुतेक वेळा हेच सापडलंय. अख्खा ग्रुप मारला की पाइपही मिटतो.

इतकं करूनही एक जात मरत नाही. स्टेट डी असलेली प्रोसेस डिस्क किंवा नेटवर्कवरच्या डिस्कची वाट बघत कर्नलच्या आत झोपलेली असते. तिला दिलेला सिगकिल दाराशी उभा राहतो. आतलं काम संपेपर्यंत तिला मिळत नाही. तुम्ही पट्ट्या शेअर केलेल्या डिस्कवर ठेवत असाल आणि रात्री त्या खोलीतला स्विच बंद पडत असेल, तर हे दृश्य दिसेल. म्हणून शेवटच्या वेटलाही टाइमआउट लावायला सांगितलं. नाही मेली तर लॉगमध्ये नोंद करून पुढच्या पट्टीकडे वळा.

आता मला खरं तर जो प्रश्न विचारायचाय तो: ती अडकतेच का? मारण्याची सोय हवीच, पण रोज पाच-सहा माराव्या लागत असतील तर काहीतरी मुळात चुकतंय. तुमच्या वर्णनावरून मला तीन शक्यता दिसतात.

पहिली आणि सगळ्यात दाट शक्यता प्रोफाइलची. लिब्रेऑफिस एका युजर प्रोफाइलवर, म्हणजे सेटिंगच्या एका फोल्डरवर, एकच इन्स्टन्स (स्वतःची चालू प्रत) चालवतं. दुसरी हाक मारली तर ती स्वतः काम करत नाही, आधीच चालू असलेल्या इन्स्टन्सकडे काम सोपवते. म्हणजे काल रात्री अर्धवट मेलेली सोफिस.बिन जिवंत असेल, तर आजची प्रत्येक पट्टी तिच्याच दारात जाऊन उभी राहते, आणि ती तर स्वतःच अडकलेली. एक अडकली की मागे रांग. तुमच्या वीस-बावीस प्रोसेस मला या रांगेच्याच वाटतात. उपाय सोपा: प्रत्येक वेळी ‘युजरइन्स्टॉलेशन’ हा पर्याय देऊन वेगळं तात्पुरतं प्रोफाइल फोल्डर द्या आणि काम झाल्यावर पुसून टाका. प्रत्येक फाइलमागे थोडा वेळ वाढेल. दहा-वीस पट्ट्या एकाच हाकेत दिल्यात तर तो भरून निघेल. लिब्रेऑफिसला एका वेळी अनेक फायली देता येतात. फक्त टाइमआउट त्या मानाने वाढवा.

दुसरी शक्यता पाइप भरण्याची. लिनक्सवर पाइपमध्ये मुळात ६४ केबी मावतं. चाइल्ड लिहितोय आणि तुम्ही पाइप उघडून ठेवलाय पण वाचत नाही, तर ६४ केबी भरल्यावर चाइल्ड लिहिता लिहिता थांबतो, आणि तुम्ही तो संपायची वाट बघत थांबता. दोघंही एकमेकांकडे बघत बसलेत! ६० सेकंदांनी तुम्ही त्याला ‘हँग झाला’ म्हणून मारता. बिचाऱ्याचा काहीच गुन्हा नव्हता. लिब्रेऑफिस एवढं बडबडत नाही, तुमच्या बाबतीत हे नसेलही. पण आउटपुट फाइलकडे वळवलंत की हा प्रश्नच मिटतो.

तिसरी, चाइल्ड प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतोय. रात्री सर्व्हरसमोर उत्तर द्यायला कोण बसलंय? स्टँडर्ड इनपुटला ‘डेव्हनल’ (वाचायला कायम रिकामी असलेली फाइल) द्या. मग वाचायला जाणाऱ्याला लगेच फाइल संपल्याचं कळतं आणि तो एकतर पुढे जातो किंवा एरर देऊन मरतो. दोन्ही चालेल.

कुणी म्हणेल, लिब्रेऑफिस सोडा, पायथनच्या लायब्ररीने सरळ पीडीएफ काढा. मराठी पट्टीत तिथे जोडाक्षरं मोडायची जुनी कटकट आहे, ‘निव्वळ’चा ‘व्व’ सुटा पडतो, आणि मला वाटतं म्हणूनच तुम्ही या वाटेने आलात. अक्षरं मांडणाऱ्या पँगोवर चालणारी वीझीप्रिंट ही लायब्ररी जोडाक्षरं नीट लावते, सवड मिळेल तेव्हा पाहा. हंगामात मात्र चालतं इंजिन उतरवू नका.

पीडीएफ कोणत्याही मार्गाने काढा, ती थेट शेवटच्या नावाने लिहू नका. तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढा, पूर्ण झाली याची खात्री झाली की ‘ओएस.रिप्लेस’ने जागेवर न्या. एकाच फाइलसिस्टिमवर हे नाव बदलणं एका झटक्यात होतं, मधली अवस्था नसते. मग प्रोसेस कुठल्याही क्षणी मेली तरी शेतकऱ्याच्या हातात अर्धी पट्टी पडत नाही. अर्ध्या पट्टीचा त्रास मी एका दुकानात पाहिलाय: पहिलं पान आलं, वजावटीचं दुसरं पान आलंच नाही, आणि गडी हमाली-तोलाई न कापलेली रक्कम मागायला दारात उभा. त्याचं काय चुकलं?

तुमचा पायथनचा प्रोग्रॅमच मेला तर? दुकानाची वीज गेली तर सगळंच जातं, तो प्रश्न नाही. पण कुणी तुमच्या प्रोग्रॅमला सिगकिल केलं, किंवा मेमरी संपून कर्नलने त्याचाच बळी घेतला, तर फायनली-बियनली काही चालत नाही आणि पोरं पुन्हा रस्त्यावर. यावर लिनक्समध्ये ‘पेरेंट मेला की मला अमुक सिग्नल दे’ अशी सोय आहे. पण ती फक्त पोटच्या प्रोसेसपुरती, आणि ज्या थ्रेडने चाइल्ड जन्माला घातला तो थ्रेड संपला तरी तो सिग्नल सुटतो, हे माहीत नसेल तर डोकं धरून बसाल. त्यापेक्षा अख्खा रात्रीचा प्रोग्रॅम सिस्टिमडीची सर्व्हिस करा. सिस्टिमडी सर्व्हिसमधली सगळी प्रजा एका सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलने राखलेल्या गटात, ठेवतो आणि सर्व्हिस संपली की मुळातच सगळ्या गटाला मारतो. सेशन बदलून ग्रुपमधून निसटणारी प्रोसेसही सीग्रुपमधून निसटत नाही. कोडमध्ये एक ओळ न बदलता सकाळची मेमरी मोकळी हवी असेल तर आज रात्री एवढं एकच करा.

कोडच नको असेल तर ‘टाइमआउट’ नावाची कमांड आहे, उबुंटूवर आधीपासून असतेच. तिला ‘के’ पर्याय दिलात की आधी सिगटर्म आणि ठरल्या सेकंदांनी सिगकिल, तेही अख्ख्या ग्रुपला. वेळ संपून सिगटर्मने भागलं तर कोड १२४ येतो, सिगकिल लागलं तर १३७. छोट्या कामांना मी हीच वापरतो.

विंडोजचं थोडक्यात. तिथे असे सिग्नल नाहीतच. पायथनचं टर्मिनेट आणि किल दोन्ही तिथे एकच काम करतात, सरळ मारतात, इशारा पातळी नाही. आणि तिथेही पोरं मागे राहतात. हाताने मारायचं तर ‘टास्ककिल’ला झाडासकट आणि जबरदस्तीने असे दोन्ही पर्याय द्या. प्रोग्रॅममधून नीट करायचं तर जॉब ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोसेसचा विंडोजवाला गट: चाइल्डला त्यात घाला, ‘जॉब मिटला की आतले सगळे मारा’ ही खूण लावा. तुमचा प्रोग्रॅम कसाही मेला तरी जॉबचा हँडल मिटतो आणि घर रिकामं होतं. या बाबतीत विंडोज लिनक्सपेक्षा सरळ आहे, हे मी नाखुशीने कबूल करतो. पण तुमचा सर्व्हर उबुंटूवर आहे, तर लॅपटॉपवर सगळं जुळवण्यात वेळ घालवू नका. त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन टाका आणि उबुंटूवरच चाचणी घ्या.

चाचणी घेताना स्लीप वापरू नका. एक छोटा प्रोग्रॅम लिहा जो सिगटर्मकडे दुर्लक्ष करतो आणि आपल्यासारखंच एक पोर जन्माला घालतो. तुमचा कोड त्या दोघांना घालवू शकला तर सोफिसला घालवेल.

आज रात्री हे लावा आणि सकाळी शेठ यायच्या आत पीएस काढा. सोफिस दिसली तर स्टेटचं अक्षर आणि पेरेंटचा नंबर मला कळवा. झेड असेल तर वेट राहिलंय. डी असेल तर डिस्ककडे बघू. एस असेल आणि पेरेंट १ असेल, तर ती ग्रुपमधून निसटलीय किंवा मारायची ओळ चाललीच नाही. तेव्हा लॉगमधली त्या पट्टीची वेळही सोबत पाठवा.